करड्या डब्यातली निळी गाडी

२ फेब्रुवारी, दुपार

रविवारची दुपार असायची. तो आठ वर्षांचा, मी अडतीसची. समोरच्या खोलीत चटई, चटईवर आम्ही दोघं, टीव्हीखाली गेमचा करडा डबा. तो कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचा, पुन्हा खुपसायचा, आणि पडद्यावर दोन गाड्या येऊन उभ्या राहायच्या. लाल त्याची, निळी माझी. आतल्या खोलीतून ह्यांचं घोरणं. तो एक नंबरचा कंट्रोलर स्वतः घ्यायचा, दोन नंबरचा माझ्या हातात द्यायचा आणि सांगायचा, आई, वळणावर ब्रेक मार. मी मारायचे. निळी गाडी अशी सुरेख वळायची की माझं मलाच नवल वाटायचं.

एकदा ऐन शर्यतीत दूध उतू जायला आलं म्हणून मी कंट्रोलर चटईवर ठेवून धावले. परत येते तो निळी गाडी पहिली आलेली. इतका वेग मी आधीच घेऊन ठेवला होता.

हे आज आठवायचं कारण म्हणजे चिरंजीवांचा फोन. महिनाअखेर आम्ही लहान घरात राहायला जाणार, तेव्हा तो बावीस तारखेला दोन दिवस मदतीला येतोय. बोलता बोलता म्हणाला, माळ्यावर तो गेमचा डबा अजून आहे का गं? पुढे टाकून द्या असंही काहीतरी म्हणाला, पण ते वरवरचं. आईला कळतं.

३ फेब्रुवारी

डबा माळ्यावरून काढला. पुसला. लावला. ढिम्म.

पण आता उपाय आहे. हल्ली नवे कन्सोल वहीएवढे असतात. नवा घ्यायचा, उघडायचा आणि त्याचं आतलं सगळं या जुन्या डब्यात बसवायचं. बाहेरून जुना, आतून नवा. नव्या यंत्रात जुने खेळ असतात, आपली गाड्यांची शर्यतसुद्धा. नवं यंत्र जुन्याचं हुबेहूब सोंग घेतं, त्याला एम्युलेशन म्हणतात. ह्यांना समजावून सांगितलं. हे म्हणाले, सोंग घेऊन चाळीस वर्षं राहणारा एक माणूस घरात आहे, आणखी कशाला.

व्हिडिओत एका गृहस्थांनी वीस मिनिटांत बसवलं. मी दोन दिवस धरते, कारण मी नीटनेटकं करते.

स्वतःसाठी नाही करत. मला मेलीला खेळाची कुठली आवड. गेल्या तीन खेपांना चिरंजीव आले आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसले. जेवायला बाहेर, की पुन्हा आत. माझी तक्रार नाही, कामाचा माणूस आहे. फक्त एक दुपार त्याने चटईवर बसावं. नव्या घरात समोरची खोलीच नाही, म्हणजे चटईही नाही.

६ फेब्रुवारी

नवा कन्सोल आला. मागे स्टिकर होता की हा फाडल्यास वॉरंटी संपेल. फाडला. वॉरंटी ही स्वतःवर विश्वास नसलेल्यांसाठी असते.

हत्यारं जमवली. दातांच्या दवाखान्यात मी तीस वर्षं रिसेप्शनला होते. निवृत्त होताना डॉक्टरांनी आठवण म्हणून दात टोकरून तपासायचा जुना प्रोब आणि लहान आरसा दिला होता, ते दोन्ही उपयोगी पडतील. हे म्हणाले, भूल कोण देणार? मी लक्ष दिलं नाही. तीस वर्षं भिंतीपलीकडे ड्रिल ऐकलंय, थोडं हातात उतरतंच.

७ फेब्रुवारी

दोन्ही उघडले. जुन्यातून सर्किटची हिरवी पट्टी निघाली, चांगली ताटाएवढी. बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली. स्क्रू एका वाटीत जुने, एका वाटीत नवे, दोन्हीवर चिठ्ठ्या.

संध्याकाळी ह्यांनी पेपर ठेवायला टेबलावर जागा केली. आता एकच वाटी आहे.

९ फेब्रुवारी

नवी पट्टी जुन्या डब्यात बसत नाही. म्हणजे बसते, पण झाकण बसत नाही. शाळेत शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, आधी माप, मग कात्री. मी माप घेतलं होतं, फक्त बाहेरून घेतलं होतं.

डब्याच्या आत चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकचे चार खुंट आहेत, तेच आड येतात. ते कशाला ठेवलेत कोण जाणे. उद्या कानशीने घासून टाकते.

१० फेब्रुवारी

घासले. तीन तास लागले. पट्टी आत अगदी ऐसपैस बसली.

ते खुंट झाकणाचे स्क्रू पकडायला होते.

११ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीचा फोन. सामान बांधायला घेतलंस का, विचारत होती. मी म्हटलं, एक महत्त्वाचं काम हातात आहे. काय ते सांगितलंही. मग म्हणाली, ताई, तुला मुलाशी बोलायचंय तर मुलाशी बोल ना, डबा कशाला मध्ये? तिला मुळात यंत्रांचं काही कळत नाही.

झाकणाला उपाय सापडला. शिवणाच्या डब्यातलं रुंद इलास्टिक. दोन वेढे. दिसायलाही वाईट नाही.

१४ फेब्रुवारी

जुन्या कंट्रोलरच्या वायरी नव्या यंत्राला जोडणं हे सोल्डरिंगचं काम. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांकडे गेले. आता घड्याळं येत नाहीत म्हणून ते मोबाइल दुरुस्त करतात, पण भिंग अजून तेच. नवा-जुना सगळा संसार त्यांच्यापुढे मांडला. माझा प्रोब त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बाई, हे छान आहे म्हणाले. माणूस पारखी आहे.

मग जुनी हिरवी पट्टी बघत म्हणाले, यातला दोन नंबरच्या कंट्रोलरचा पोर्ट आत जोडलेलाच नाही, तार कारखान्यातूनच सुटलेली आहे. या पिनांनी वीज कधी बघितलेली नाही.

मी शांतपणे सांगितलं की या पोर्टवरून मी निदान शंभर शर्यती मारल्या आहेत, आणि त्यातल्या चाळीस जिंकल्या आहेत. ते म्हणाले, मारल्या असतील. मग भिंग काढून पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

वय झालं की नजर जाते आणि माणूस दोष वस्तूला देतो. माळ्यावरच्या ओलीने तार सुटली असणार, हे उघड आहे. मी वाद घातला नाही. दोन्ही कंट्रोलर नव्या यंत्राला पक्के जोडून द्या, एवढंच सांगितलं.

१७ फेब्रुवारी

वायरी झाल्या. काम सुबक केलंय, नजर गेली तरी हात शाबूत आहे.

डबा हलवला की आत पट्टी खडखडते. बहिणीकडून फेल्टचं जाड कापड आणलं आणि आतून सगळीकडे अस्तर लावलं. बाजूच्या फटी होत्या त्याही फेल्टने बुजवल्या. घड्याळवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, बाई, त्याला पंखा आहे, श्वास घ्यायला फट लागते. मी म्हटलं, तीस वर्षं पाहिलंय, फट राहिली की कीड लागते. फिलिंग गच्च बसलं पाहिजे. त्यांनी हात जोडले.

१८ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

चालू केलं. चाललं. टीव्हीवर तीच शर्यत, तेच संगीत. मी उभ्याउभ्या थोडी रडले. धूळ फार उडते या खोलीत.

१८ फेब्रुवारी, दहा एक्केचाळीस

बंद पडलं. डबा इस्त्रीसारखा तापलाय.

१९ फेब्रुवारी

चार वेळा करून पाहिलं. दर वेळी अकरा मिनिटं. मग वीस मिनिटं गार व्हायला. हे म्हणाले, अगदी माझ्यासारखंच आहे की. फेल्ट काढावं का, असा एक विचार आला. पण फार सुंदर बसलंय, आणि कडेने टाकेही घातलेत. शिवाय शर्यत तीन मिनिटांचीच असते. अकरा मिनिटं पुष्कळ झाली.

२१ फेब्रुवारी

वाटीत सात स्क्रू उरलेत. हे दर दोन तासांनी विचारतात, हे कशाचे? जास्तीचे देतात कंपन्या, मी सांगितलं.

सराव करावा का? नको. पोहणं आणि सायकल माणूस विसरत नाही, तसंच हे. शिवाय तो वयाने वाढलाय, हात जड झाले असतील. पहिली शर्यत त्याला जिंकू द्यायची असं ठरवलंय. मुलाचं मन राखावं.

२२ फेब्रुवारी

आला. वाळलाय. पिशवी ठेवली, पाणी प्यायला, लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत. एका मीटिंगपुरतं, म्हणाला. मी टीव्हीखाली डबा मांडून चटई टाकून बसले होते. साडेसहाला चटई गुंडाळली.

माळा त्याने नंतर भरभर आवरला. तीन पोती टाकायच्या वस्तू काढल्या. बोललो ते एवढंच: हे ठेवायचं? हे टाकायचं? ह्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं, पण शेरा मारला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज दुपारी टीव्हीची वायर काढायला तो समोरच्या खोलीत आला आणि त्याला डबा दिसला. इलास्टिककडे बघत राहिला. विचारलं, याला नाडी कोणी घातली? मी म्हटलं, चालू करून तर बघ. दोन मिनिटं हं, म्हणाला, आणि चटईवर बसला. मांडी घालायला त्याला आता वेळ लागतो.

लाल त्याची, निळी माझी. मी ठरवल्याप्रमाणे जरा हळू निघाले. पण गाडी निघाली ती मागे. मी पुढचं बटण दाबलं तर ती भिंतीला जाऊन घासत राहिली. वळण आलं, मी ब्रेक मारला, हॉर्न वाजला. त्याची लाल गाडी दोन फेऱ्या मारून आली तरी मी भिंतीलाच. मी म्हटलं, सोल्डरिंग बिघडलंय. घड्याळवाल्यांची नजर गेली आहे.

तो पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता. म्हणाला, आई, हा चालू आहे? दोन नंबरचा चालतोय?

मी म्हटलं, न चालायला काय झालं, पूर्वीही चालायचाच.

त्याने कंट्रोलर खाली ठेवला. म्हणाला, आई, तो पहिल्या दिवसापासून बंद होता. निळी गाडी मशीनच चालवायचं.

मी विचारलं, तुला केव्हा कळलं? म्हणाला, पहिल्याच दिवशी. मग सांगितलं का नाहीस? तो दोन नंबरच्या वायरीशी चाळा करत म्हणाला, तुला सांगितलं असतं तर तू उठून स्वयंपाकघरात गेली असतीस.

तेवढ्यात अकरा मिनिटं संपली आणि टीव्ही काळा झाला.

मी म्हटलं, वीस मिनिटं लागतात गार व्हायला. मला वाटलं, आता उठेल. तो म्हणाला, थांबू मग, आणि ह्यांचा पेपर घेऊन डब्याला वारा घालायला लागला. त्या वीस मिनिटांत त्याने सांगितलं की नोकरी बदलायची आहे आणि भीती वाटते, घरी अजून कोणाला बोललेलो नाही. मग अकरा मिनिटं मी भिंतीला घासले. मग पुन्हा वीस मिनिटं. अंधार पडेपर्यंत असं पाच वेळा झालं. मधे एकदा तो म्हणाला, हे फेल्ट काढलं तर तापणार नाही. मी म्हटलं, खबरदार हात लावलास तर.

एकूण शर्यती पंधरा. मी जिंकले शून्य. आधी जिंकलेल्या चाळीसही आता वजा.

२४ फेब्रुवारी

तो सकाळी गेला. सामान उद्यापासून बांधायचं, तेव्हा कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. नाहीतर हे सगळंच पोत्यात भरतील.

बिस्किटांच्या डब्यातली जुनी हिरवी पट्टी चिरंजीवांना. जाताना त्याने मागितली होती, पण रुमालात गुंडाळेपर्यंत त्याची गाडी सुटायची वेळ झाली. पार्सलने पाठवायची. वाकवू नये.

उरलेलं फेल्ट बहिणीला परत. तिचं म्हणणं बरोबर निघालं हे तिला कळवायची गरज नाही.

प्रोब आणि आरसा घड्याळवाल्यांना. नजरेबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते.

सात स्क्रू वाटीसकट ह्यांना. निदान विचारणं थांबेल.

करडा डबा इलास्टिकसकट नव्या घरी, पहिल्या खेपेत, माझ्या मांडीवर. चटईही. खोली नसली तरी पलंगाच्या बाजूला हातभर जागा आहे, मी मोजली आहे, या वेळी आतून. एक नंबरचा कंट्रोलर त्याच्या नावाने ठेवायचा, दुसऱ्या कोणी वापरायचा नाही.

दोन नंबरचा माझा. तो मात्र आधी घड्याळवाल्यांकडे न्यायचा आणि त्याची तार काढून घ्यायची. पुढच्या खेपेला मला जिंकायचं आहे.