चढावरचं वाटीभर दूध

३ एप्रिल

आज परत तापली! तोच चढ, तेच वळण. काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ. पाऊण तास रस्त्याकडेला नुसता उभा होतो. मागच्या सीटवर बर्फाचा डबा, त्यात लेकीनं सकाळपासून थेंब थेंब काढलेलं वाटीभर दूध.

डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात नात काचेच्या पेटीत आहे. दोन महिने आधीच आली बया — अकराशे ग्रॅम! मी तिला मुंगी म्हणतो. लेकीचे टाके चिघळले, परत घालावे लागले, डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केलाय. जावई बोटीवर, भर समुद्रात. बस दोनदा बदलावी लागते, तोवर बर्फ टिकत नाही. उरलो मी आणि ही एकवीस वर्षांची गाडी.

५ एप्रिल

मेकॅनिकनं थर्मोस्टॅट बदलला. "आता बघा आजोबा, कशी पळते!" पळाली — चढ लागेपर्यंत.

८ एप्रिल

"इंजिन उघडावं लागेल. चार दिवस ठेवून जा."

चार दिवस! मुंगीला थांब म्हणून कोण सांगणार? मेकॅनिकनं मान खाजवली. "मग हीटर फुल्ल ठेवून चालवा. इंजिनची गरमी आत येते, काटा जरा खाली राहतो."

एवढ्या उन्हात हीटर! डबा ओल्या टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवला आणि निघालो. शर्ट पिळून काढावा इतका घाम. इस्पितळात सिस्टर म्हणाली, "आजोबा, अंगावर बादली ओतून आलात की काय?" पण पोचलो! नाकातल्या नळीतून दूध सरकताना पाहिलं. मुंगीला त्याचा पत्ताही नाही, मुठी आवळून झोपली होती.

१२ एप्रिल

जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना हात कधी थरथरला नाही. आणि हे एवढं थोरलं धूड! बॉनेट उघडून तासभर आत बघत बसलो. काही म्हणजे काही कळत नाही.

१५ एप्रिल

हीटरनंही हात टेकले. चढावर वाफच वाफ. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात केला. कोणी थांबेना. शेवटी एक दुधाचा टँकर थांबला.

"पाणी हवंय का?"

"पाणी नको, हे दूध पोचवा." सगळं सांगितलं. त्यानं डबा हातात घेतला, टँकरकडे पाहिलं. "आजोबा, बारा हजार लिटर नेतोय. त्यात तुमचं वाटीभर मला काय जड?"

गेला निघून. नाव नाही विचारलं, नंबर नाही घेतला! तापल्या इंजिनाशेजारी बसून स्वतःला शिव्या घातल्या. दीड तासानं सिस्टरचा फोन — "मिळालं. बर्फ अजून शाबूत आहे." रस्त्यावरच रडलो. शेजारून गाड्या जात होत्या, जाऊ देत.

१७ एप्रिल

मुंगी पंधराशे वीस ग्रॅम. गाडी दोनदा थांबली.

२१ एप्रिल

आज गाडी वळणापलीकडे बसली, कोणीच थांबलं नाही. तिथं मोबाइललाही रेंज नाही. दोन तासांनी डबा उघडला तर बर्फाचं पाणी, बाटली कोमट. ते दूध गटाराकडेला ओतलं. ओतताना अर्धं माझ्याच पायावर सांडलं.

घरी आलो तर लेक उशीला टेकून बसलेली, पुढच्या बाटलीची तयारी करत. टाक्यांचा ताप उतरलाय, पण चेहरा ओढलेला. "प्यायली का हो बाबा?"

"प्यायली. सगळं."

असं खोटं तिच्याशी आजवर बोललो नव्हतो. तिला हसू आलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. डबा धुवायला म्हणून मोरीत जाऊन उभा राहिलो, नळ सोडून.

२२ एप्रिल

मेकॅनिक गाडी ओढून घेऊन गेला. आज बसनं गेलो. बर्फ दुप्पट भरला, तरी वाटेतच वितळला. सिस्टरनं बाटलीला हात लावला आणि ती बाजूला ठेवली. "हे नाही चालणार."

२४ एप्रिल

सकाळी इस्पितळातून फोन. "आजोबा, आज दूध आणू नका." फोन ठेवायलाच निघालो होतो. पण सिस्टर पुढे बोलतच होती — "ऐकताय ना? तिनं माझं बोट चोखलं! आता आईलाच घेऊन या, तिच्या डॉक्टरांना विचारलंय." वळून पाहिलं तर लेक भिंतीला धरून उभी, एक चप्पल पायात, दुसरी शोधत होती.