आईची तीन फ्रेंच वाक्यं

नवागाम, सुरत
७ जुलै १९९६

चि. योगितास,
आईचे अनेक आशीर्वाद.

नळाला पाणी आलं होतं, स्टोव्हवर चहा उकळत होता आणि मी हंडे भरत होते. तुझे वडील लूमवरून रात्रपाळी करून आले. म्हणाले, बोनस झालाय, तुला स्वतःला काय पाहिजे ते सांग. मी म्हटलं, आधी ती बादली सरकवा. त्यांनी सरकवली, आणि तो विषय राहूनच गेला. तुझं पत्र वाचून ती सकाळ आठवली. त्यांना जाऊन चार वर्षं होतील. त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं तर तुझ्या पुण्याच्या फ्रेंच वर्गाने.

तर घरातल्या मोठ्या माणसाला पैसे कशासाठी साठवायचे आहेत, त्याची गृहपाठाची तीन वाक्यं लिहून घे. तुझं लग्न. तुझी फी. लग्नात तुझ्या हेमराजकाकांना आहेर. भिशीतही मी तुझं लग्नच सांगितलंय. आपल्या पंधरा जणींत जिची गरज मोठी तिला उचल आधी, म्हणून २१ तारखेची पहिली उचल माझी.

मेसचं जेवण कसंही असो, जेवत जा. माया आहेच.
तुझी आई


पुणे, १३ जुलै

ती. आईस,
योगिताचा साष्टांग नमस्कार.

तुझी वाक्यं फ्रेंचमध्ये लिहून दिली. बाईंनी तिन्हींवर लाल रेघ मारली. म्हणाल्या, व्याकरण ठीक आहे, पण ही सगळी मुलीची कामं, आईचं काय? शेवटी ‘पूर म्वा’ यायला हवं, म्हणजे ‘माझ्यासाठी’. महिनाअखेरीपर्यंत परत द्यायचंय.

आणि लग्न कुणाचं काढलंस? माझी शिक्षणाची अजून दोन वर्षं आहेत. काकांनी स्थळ आणलं तर तूच निस्तर.

वाक्य असं सुरू होतं: ज व मेत्र द लार्जां द कोते. म्हणजे, मला पैसे बाजूला ठेवायचे आहेत. पुढचं तू सांग, पण खरं. रागावू नकोस, लोभ राहू दे.
तुझी योगिता


नवागाम, २३ जुलै

चि. योगितास,
अनेक आशीर्वाद.

फ्रेंच लोकही पैसे बाजूलाच ठेवतात हे वाचून बरं वाटलं. साड्यांना टिकल्या चिकटवताना ते वाक्य म्हणून पाहिलं, मग तुझ्या वडिलांच्या फोटोसमोर म्हटलं. ते हसले नाहीत. मग पुढचं आपोआप आलं. लिही: मला घरात पुस्तकांचं कपाट ठेवायचंय. इथे एवढी आपली खानदेशची माणसं, पण मराठी वाचायला काही मिळत नाही. जुने दिवाळी अंक, कादंबऱ्या, दोन दिवसांना आठ आणे भाडं. पूर म्वा.

रविवारी भिशीत उचल हातात यायच्या आधी सांगून टाकलं, की लग्न नाही, कपाट आहे. शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, बाई, पुस्तकांसाठी कुणी पहिला नंबर लावतं का? सगळ्या हसल्या, मीपण हसले. उचल मंगलाबाईंना दिली. त्यांचं छप्पर गळतंय, बरोबरच झालं. माझा नंबर आता शेवटचा, पुढल्या वर्षी सप्टेंबरात. निघताना त्यांनी हळूच विचारलं, त्यात भुताच्या गोष्टी असतील का?

तब्येतीला जप. आठवण ठेव, मी ठेवतेच.
तुझी आई

ता. क. दुसऱ्या दिवशी घरातली अकरा पुस्तकं साड्यांच्या खोक्यात लावून दाराशी मांडली. पहिलं मंगलाबाईंना दिलं आणि आठ आणे घेतले.