छप्पन्न ठोके

प्रिय स्टीवन,

ताईचं अक्षर पाहून दचकला असशील. अकरा महिने मी तुझा एक फोन घेतला नाही आणि नाताळात तू आणलेला केक दारातूनच परत पाठवला. आता एकदम पत्र. फोनवर मला रडू येईल आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून लिहितेय.

आधी हसून घे. मी पळते. चर्चच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबणारी तुझी ताई पळते. ऑस्टिन गेल्यावर घर खायला उठायचं. ईस्टरनंतर एका सकाळी रागानेच बाहेर पडले. म्हटलं, बघू तरी या पळण्यात असं काय आहे, ज्याच्यापायी माझा नवरा गेला. गासच्या रस्त्यावर त्या बावखलापर्यंत कशीबशी पोचले आणि त्या तळ्याच्या काठाला मटकन बसले. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

मग आपल्या शाळेतल्या सँड्रा टीचरने मला हाती धरलं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. महिनाभर नडग्या ठणकत होत्या, जिना उतरताना येशूचं नाव घ्यायचे. एके दिवशी बावखल मागे पडलं आणि माझ्या लक्षातही आलं नाही. सँड्रा म्हणते, दम लवकर शिकतो, हाडं सावकाश शिकतात, आणि अंग पळताना नाही, विश्रांतीत घडतं. माझी सकाळची नाडी चौऱ्याऐंशीची सहासष्ट झाली. कमी ठोक्यांत भागवायला शिकलेलं हे काळीज ऑस्टिनच्या आठवणीने मात्र अजून तसंच तुटतं. त्याला त्यातलं काही शिकवता येत नाही.

नाडी मोजायला मला ऑस्टिननेच शिकवलं होतं. तू त्याला पळायला नेऊ लागलास तेव्हापासून रोज सकाळी तो डोळे न उघडताच मनगट पुढे करायचा, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायचे. तेव्हा एक्क्याऐंशी होती, चार वर्षांत छप्पन्न झाली. छप्पन्न ऐकलं की स्वारी खूश. तुला फोन करून सांगायचा, आठवतं ना? आणि त्याच माणसाच्या दफनाला सगळ्या गावासमोर मी तुला म्हणाले, तूच मारलंस त्याला. तू मान खाली घालून उभा राहिलास. तेव्हापासून तू पळायचे बूट पायात घातले नाहीस, असं सँड्राकडून कळलं. कळल्यावर मला बरं वाटलं होतं, स्टीवन. खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्यात मला ताप आला. उतरल्यावर पळायला निघाले तर सँड्राने नाडी विचारली. अठ्ठ्याहत्तर होती. ती म्हणाली, तापानंतर नाडी एवढी चढलेली असेल तर पळायचं नाही, काळीज अजून आजारी असतं. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. ऑस्टिनलाही शेवटच्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. तुला त्याने सांगितलं नसणार, तू त्याला घरी बसवलं असतंस. ताप उतरल्यावरच्या तीन सकाळी माझ्या बोटांखाली अडुसष्ट आले, मग सत्तर, मग बहात्तर. मला वाटलं, मोजताना माझंच चुकतंय. गॅसवर दूध होतं, परत मोजायचा कंटाळा केला. तो विचारायचा, किती गं? मी तिन्ही दिवस सवयीने छप्पन्न सांगितले, आणि तिसऱ्या दिवशीही तो खुशीत बूट बांधून तुझ्याकडे पळायला आला, तो परत घरी आलाच नाही. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, फादरनाही नाही. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये त्याची वर्षाची मिस्सा आहे, तिला ये. माफ करशील की नाही, ते तुझ्यावर. पण आलास तर माझं मनगट हातात घे, नाडी मोज, आणि येईल तोच आकडा मला सांग.

तुझीच,
विनीताई