लाज नाय, राग लिवा

आई, आज एका पोरीची तक्रार वाचताना तू आठवलीस. मी आता घोडेगावच्या कोर्टात वकिली करते. सनद मिळाली तेव्हा तू नव्हतीस. तक्रारीत तेच जुनं वाक्य होतं, 'माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.' इतक्या वर्षांत ते बदलावं असं कुणालाच वाटलं नाही, याचं मला नवल वाटतं.

मी तेव्हा जुन्नरला कॉलेजात होते. आळे गावच्या दुकानात कांद्याचं बी आणायला गेले आणि दुकानदारानं गोण्यांच्या आड माझा हात धरून मला जवळ ओढलं. काका म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कॉलेज बंद करा नि पोरीचं उरकून टाका." तू पदर खोचलास आणि मला घेऊन थेट चौकीत गेलीस. हवालदार भला माणूस. लिहून झाल्यावर तो वाचून दाखवतो, आणि लज्जेपाशी तू त्याला थांबवतेस.

"लाज कुनाला? हिला?"

"मावशी, विनयभंगाला तसंच लिवत्यात."

"लाज त्याला वाटाय पायजे व्हती. माझ्या लेकीला राग आलाय, लई राग. राग लिवा."

"राग लिवला तर केस हुबी ऱ्हायची नाय."

मग तू त्याला विचारतच बसलीस. विनय म्हंजी काय? शाळेत शिकवत्यात त्योच का? आन वंगाळ त्यो वागला, तर मोडला हिचा कसा? त्या बिचाऱ्याला घाम फुटला. मला अजून तरी कुठं नीट सांगता येतं? कोशात विनय म्हणजे नम्रता, कायद्यात ती बाईची अब्रू होते. आपल्या गावात असला शब्दच नव्हता. 'हात धरला' म्हणायचे आणि सगळ्यांना कळायचं. मला तेच जास्त खरं वाटतं, निदान हात कुणाचा ते त्यात समजतं. शेवटी वाक्य तसंच राहिलं, मी सही केली. केस रेंगाळली, पण माझं कॉलेज सुटलं नाही, आणि ते तुझ्यामुळंच.

हे तुला पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. तू म्हणाली असतीस, "मंग तवाच का नाय बोललीस?" आई, त्या दिवशी मला लाज वाटली नव्हती, पण रागही आला नव्हता. भीती वाटत होती, नुसती भीती, तू शेजारी बसली होतीस तेव्हासुद्धा. तो राग सगळा तुझा होता. माझा फार उशिरा आला, तू गेल्यावर.