हार्मची लोकरी बंडी

१२ नोव्हेंबर १९४४

आज त्या काँक्रीटच्या कारखान्याचं छत ओतायला घेतलं! कोबी काढायला गेले आणि विळा हातातच राहिला. वेझर नदीकाठी आमचं चर्च सगळ्यांत उंच होतं, आता त्या भिंतीपुढे खेळण्यातलं वाटतं. माणसाच्या हातून असं उभं राहतं, विश्वासच बसत नाही. आत पाणबुड्या बनणार. हार्मला नवी, धड पाणबुडी मिळाली तर तो परत येईल – मला एवढंच हवं.

शेजारची वुब्के म्हणते, "नवरा समुद्रावर, आणि तू भिंतीच्या प्रेमात."

२० नोव्हेंबर

काँक्रीट थांबत नाही. पावसातही नाही.

३ डिसेंबर

बांधकामावरच्या कैद्यांची रांग रोज आमच्या फाटकावरून जाते. आज एक जण बूट बांधायच्या निमित्ताने थांबला. फ्रेंच असावा. सदऱ्याखाली सिमेंटची रिकामी कागदी पिशवी – थंडीसाठी. सापडली तर फटके बसतात म्हणे. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "बाई, वर फार वारा." आणि गेला.

छतावर हलणारे ठिपके माणसं आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

६ डिसेंबर

हार्मची जाड बंडी फाटकावर टाकली, वाळत घातल्यासारखी. रांग गेली, बंडीही गेली. बरं वाटलं.

११ डिसेंबर

मूर्ख बाई मी! आमच्याकडे मुली सुई धरतात तीच कपड्यांवर लाल दोऱ्याने नाव घालायला. बंडीच्या गळ्याशीही आहे – 'हा. लूर्स'. उसवायचं सुचलंच नाही. कैद्याला कपडा दिला म्हणून मलाही नेतील.

१४ डिसेंबर

सापडली. वुब्केचा नवरा तिथे सुतार आहे, त्याने डोळ्यांनी पाहिलं. कोणी दिली, म्हणून त्या फ्रेंच कैद्याला मारत होते. तो म्हणाला, कोणी नाही, दोरीवरून चोरली. पुन्हा मारलं. पुन्हा तेच.

तिथे चोरीला फाशी आहे. त्याला ते माहीत असणारच! एवढ्याशा जिवात हे कुठून आलं? त्या छताचं काय घेऊन बसले होते मी.

वुब्केला म्हटलं, जाऊन खरं सांगते. ती म्हणाली, "गप घरात बस."

१६ डिसेंबर

पहाऱ्यावरचा साहेब बंडी घेऊन दारात आला. अदबीने बोलला. "लूर्सबाई, तुम्ही दिली असेल तर तो चोर नाही. तेवढं सांगा."

चोरली, म्हणाले मी.