घरातून हलणार नाही असा कॉम्प्युटर

कोचकोर, ४ सप्टेंबर २०११

नाझिरा,

तुला आणि उलारला आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत, गाय बरी आहे, बटाटे काढून झाले, उंदरांनी आपला वाटा आधीच नेला. तुम्हीही खाऊनपिऊन धड असाल असं धरून चालते, कारण फोनवर तुम्ही दोघं त्यापलीकडे काही सांगत नाही.

हे पत्र शेजारच्या दामीराच्या हाती देते आहे. ती नवऱ्याकडे मॉस्कोला निघाली. फोन असताना म्हातारी कागद का खरडते म्हणून हसशील. हस. मी फोन घेतला की जाझगुल मांडीला मांडी लावून बसते आणि तिचा कान माझ्या कानाला चिकटतो. आठ वर्षांच्या पोरीसमोर काय बोलणार? चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर कोंबडी नाचल्यासारखं आहे. लावून वाच.

कॉम्प्युटरसाठी पाठवलेले पैसे मिळाले. तुझं म्हणणं कळलं, पोरीचं तोंड दिसलं पाहिजे. ती रांगत होती तेव्हा तू गेलीस, त्यामुळे त्यात चूक काही नाही. दुसरं जे तू म्हणालीस, की आता तिला सांगून टाका, मी तिची वहिनी नाही, आई आहे, तेही ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. पण पहिलं मूल सासूसासऱ्यांचं हे काही मी काढलेलं नाही. तू स्वतः तिला माझ्या ओटीत घातलंस, सगळ्या गावासमोर, आणि मी तिला माझी शेंडेफळ म्हणून वाढवलं. उलारला ती दादा म्हणते, तुला वहिनी. जगात असंच चालतं, निदान आपल्या खोऱ्यात तरी. त्याचं नंतर बघू. आधी कॉम्प्युटर.

गावात विचारलं तर प्रत्येकजण हुशार निघाला. कासिमच्या मुलाने सगळ्यात मोठा आणला आहे. त्यावर ते लग्नाची फिल्म बघतात आणि एरवी भरतकामाचं कापड घालून ठेवतात, नवरीसारखं. शाळेतले गुरुजी मात्र म्हणाले, आजी, आधी हे सांगा, करायचं काय आहे त्याच्यावर? मी म्हटलं, तोंड बघायचं, शाळेचं लिहायचं, फोटो ठेवायचे, आणि हिवाळ्यात पोरीने एखादं कार्टून बघावं. मग ते म्हणाले, साधा घ्या, वापरलेला घेतला तरी चालेल, नवा आणि भारी घेऊन तो काही तुमचा चहा करणार नाही. शिकलेला माणूस इतकं सरळ बोलला याचं नवल वाटलं.

तुझ्या सासऱ्यांनी टीव्ही आणला तेव्हा असं विचारायला कोणी नव्हतं. दुकानात एकच प्रकार, तोही सहा महिने नसायचा. लोकर चांगली दिली म्हणून त्यांना टीव्ही घ्यायची चिठ्ठी मिळाली होती. नारीनहून घोड्यावर आणला, लोकरीच्या नमद्यात गुंडाळून, वाटेत पाऊस लागला तर स्वतःचा कोट त्यावर घातला आणि स्वतः भिजत आले. आठवडाभर शिंकत होते. पण त्या रात्री अर्धं गाव आमच्या घरात. चपलांचा डोंगर दाराशी. चित्र यायचं नाही, नुसता बर्फ पडायचा पडद्यावर. सागिन छपरावर चढून काठी फिरवत होता. तेव्हा दहाचा असेल. माझा थोरला, पण तेव्हा तो सासूबाईंचा होता, जशी जाझगुल माझी. वरून ओरडला, "आई, दिसतंय का?" मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "दिसतंय रे राजा, तसाच धर." आणि खरंच दिसायला लागलं होतं, कोणीतरी बाई गात होती.

असो. सागिनला फोन केला आहे. तो बिश्केकला आहे, त्याला बाजार कळतो. त्याच्याबरोबर जाऊन बघेन.

पोरीला बूट लहान झाले. माप सोबत दोऱ्याने पाठवते. काळे घे, लालला लगेच चिखल दिसतो.

तुझी सासू,
बात्मा

*

कोचकोर, २ ऑक्टोबर

नाझिरा,

बूट मिळाले. लालच पाठवलेस. पोरगी ते घालून झोपते. मी काही बोलत नाही.

कॉम्प्युटर आणला. घरात आहे. अजून लावलेला नाही, कारण इंटरनेटची ती खोचायची दांडी सागिन पुढच्या खेपेला आणणार आहे.

बाजारात गेलो तर दुकानाला दुकान लागून. विकणारा पोरगा सांगायला लागला, इतकी मेमरी, इतका वेग, हा अमका, तो तमका. मी त्याला म्हटलं, बाळा, मेंढी विकताना मी तिच्या आजोबांचं नाव सांगत नाही, दात दाखवते. तू चालू करून दाखव. त्याने चालू केला. मी मनात आकडे मोजत बघत बसले. एक होता तो जागा व्हायला इतका वेळ घेत होता की त्याच्यात आणि तुझ्या सासऱ्यांच्यात फरक नव्हता. तो बाजूला ठेवला. एकाचा पडदा पाठीमागे पोट सुटलेला, स्वस्त, पण वीज पीत असेल गायीसारखा. तोही नको. सागिनने आत काय आहे ते उघडून पाहिलं, धूळ फुंकली, पंखा फिरवून आवाज ऐकला. म्हणाला, कुठल्याशा कचेरीतला आहे, फारसा राबलेला नाही, पडदा चपटा आहे, हा घे. वर चिमट्याने लावायचा कॅमेरा, कानाला लावायचं एक, आणि आपल्याकडे वीज नाचते म्हणून तिला सरळ करणारी पेटी. ती घेतली नसती तर पहिल्याच हिवाळ्यात धूर निघाला असता. हे तुला सांगते कारण उद्या तू म्हणशील, पेटी कशाला.

तो पोरगा लॅपटॉप घ्या म्हणून मागे लागला होता. वीज गेली तरी चालतो, हलका आहे, कुठेही न्या. सागिनलाही तोच बरा वाटला. दोघं मला समजावत होते. मी नाही म्हटलं. महाग आहे म्हटलं. महाग होताच, पण तुम्ही पाठवलं होतं त्यात बसत होता.

तर तो पोरगा हसत म्हणाला, आजी, मुलाचं तरी ऐका, त्याला कळतंय. आणि सागिन, पन्नाशीचा माणूस, डोक्यावर एक केस काळा नाही, सहज म्हणाला, "ही माझी वहिनी आहे."

पोरगा माफी मागत बसला. मी भाव करत बसले. त्याने कॅमेऱ्यावर काही सोडलं.

परत येताना घाटात चहाला थांबलो. वारा असा की पेल्यातला चहा तिरका होत होता. आयुष्यात मी सागिनला एक गोष्ट कधी विचारली नव्हती, ती विचारली. म्हटलं, तुला कळलं कधी? तो म्हणाला, दुसरीत असताना, कुरणावर, पोरांनी चिडवलं तेव्हा. मी म्हटलं, मग कधी बोलला नाहीस. तो बराच वेळ तळलेला बोरसोक कुरतडत होता. आमच्याकडे पुरुषांना अवघड प्रश्न विचारला की त्यांना भूक लागते.

मग म्हणाला, "आई बसली असायची ना समोर. तिच्यासमोर तुला कसं म्हणणार? तिला काय वाटलं असतं? म्हटलं, ती गेल्यावर म्हणेन. ती गेली तेव्हा मी तिशीत होतो, वहिनी. जीभ वळेना."

मी म्हटलं, चहा गार होतोय. तो प्याला. पुढे सगळ्या वाटेत आम्ही बटाट्याच्या भावावर बोललो. घरी पोचल्यावर त्याने ते जड धूड एकट्याने आत आणलं, मला हात लावू दिला नाही.

लॅपटॉप का नाही घेतला ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू मूर्ख नाहीस, नाक जरा वर असतं इतकंच. जे काखेत मारून नेता येतं ते एक दिवस कोणीतरी काखेत मारतं आणि बसमध्ये चढतं. हा डबा तारांनी भिंतीला बांधलेला आहे. पोरीला तुला बघायचं असेल तर तिला या घरात बसून बघावं लागेल. हा माझा हिशोब होता, त्या दुकानात उभी असताना. घाटानंतर तो हिशोब मला नीट लागत नाही.

जाझगुलला मी अजून काही सांगितलेलं नाही. सागिन दांडी घेऊन येईल तेव्हा रविवार असेल. तू मोकळी राहा त्या दिवशी. केस विंचर. मॉस्कोत तुम्ही काय खाता देव जाणे, पण फोटोत गालफडं बसलेली दिसतात, ती पोरीला दाखवू नकोस, काहीतरी खा.

बात्मा

*

कोचकोर, २४ ऑक्टोबर

नाझिरा,

काल तू पडद्यावर होतीस तोवरचं तुला माहीत आहे. तू गेल्यावरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. कासिमचा मुलगा उद्या विमानतळावर कोणाला सोडायला जातो आहे, कोणाच्या तरी हाती देईल.

तू म्हणशील, एवढं गाव कशाला गोळा केलं. मी केलं नाही. सागिनची गाडी दारात दिसली आणि सगळ्या आल्या. नवी वस्तू पहिल्यांदा बघायची तर कोरुमदुक द्यावा लागतो हे जाझगुलला नवरी आणि बाळांमुळे पाठ आहे, म्हणून तिने कॉम्प्युटरवर माझी शाल घातली आणि दारात उभी राहून वसुली सुरू केली. कोणी नाणं दिलं, कोणी खडीसाखर. कासिमच्या बायकोने वाळवलेल्या दह्याचा एक गोळा दिला, तोही घरचा नव्हे. मी त्याआधी यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून जुनिपरचा धूर दिला होता. सागिन खोकत म्हणाला, वहिनी, याला धूर चालत नाही, पंखा आत ओढतो. म्हटलं, मला काय ठाऊक, घोड्याला चालतो.

मग तू दिसलीस. आधी तुकड्यातुकड्यांत, मग नीट. बायका ओरडल्या. पोरीने काय केलं ते तू पाहिलंस. तुझ्याकडे बघून तिने हात पुढे केला, जसा सगळ्यांपुढे केला होता, आणि म्हणाली, "मला बघितलंस, आता कोरुमदुक दे."

घरात सगळ्या हसल्या. तू कानातली काढलीस आणि कॅमेऱ्यासमोर धरलीस. नंतर चित्र थिजलं. तुझं तोंड तसंच राहिलं, अर्धं उघडं, डोळे भरलेले, आणि आवाज गेला. सागिनने पुष्कळ खटपट केली. परत लागलं नाही. तू तिकडे किती वेळ हाका मारत बसली असशील ते मला कळतं.

ते थिजलेलं चित्र कोणी बंद करेना. पहिल्यांदा बघणाऱ्याने द्यायचा असतो कोरुमदुक, परक्याने, पाहुण्याने. हे तिथे प्रत्येकीच्या डोक्यात आलं, मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग एकेकीला घरची कामं आठवली.

मी पोरीला गोठ्यात नेलं. दूध काढायची वेळ होती आणि हात कामात असले की मला बोलता येतं. तिने विचारलं, वहिनी का रडली. मी गायीच्या पोटाला डोकं टेकवलं आणि सांगितलं. सजवून नाही सांगितलं. ती तुझी आई आहे, तिने तुला जन्म दिला. तू रांगत होतीस तेव्हा ती गेली, कारण इथे काम नव्हतं, आणि तू माझी झालीस, कारण आपल्यात पहिलं मूल आजीचं. मी तुझी आजी आहे.

ती बादलीत पडणारी धार बघत राहिली. मग म्हणाली, "मग तू मला परत देणार?"

मी म्हटलं, तू बादली आहेस का, उसनी आणलेली?

त्यावर ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. ती उठून गेली आणि रात्री जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली, बूट घालून. आज सकाळी शाळेला जाताना मला हाक मारायची वेळ आली तर दारात नुसती उभी राहिली. आई म्हणावं की आजी म्हणावं ते तिला ठरवता येईना. शेवटी म्हणाली, "ए, मी जाते." पन्नास वर्षं कोणी मला 'ए' म्हटलेलं नाही. चालेल. जीभ अजून ओली आहे तिची, वळेल.

मी सासूबाईंना दोष देत नाही. त्यांनी सागिनला जिवापाड वाढवलं, मला कधी टोचून बोलल्या नाहीत, मरताना माझा हात धरला. पण त्या समोर बसून राहिल्या. मीही बसून राहिले असते, मला कोणी अडवलं नसतं, आणि जाझगुल चाळिशीची होऊन कुठल्याशा दुकानात तुला वहिनी म्हणाली असती.

शाळा संपेपर्यंत ती इथे राहील का तिकडे येईल, हे आत्ता विचारू नकोस. तिला विचार, पण आत्ता नको. तू उन्हाळ्यात ये. तिकिटाची रड सांगू नकोस, उलारला म्हणावं सिगरेट सोड. आलीस की दोन महिने राहा, तिच्यासोबत उठ-बस कर, तिचे केस विंचर, तिचा राग सोस. पडद्यावरून हे होत नाही. पडदा तोवर पुरेल, जेमतेम.

येत्या रविवारी पुन्हा लावू. सागिन सांगतो की सकाळी लवकर लावला तर तुटत नाही. पोरगी एकटी बसेल. मी गाय सोडायला नदीवर जाईन, आणि गाय नेहमीपेक्षा हळू चालेल. ती तुला काय म्हणेल ते मला माहीत नाही. मी तिला शिकवलेलं नाही. काहीच म्हणाली नाही तर रडू नकोस, बोलत राहा, बुटांचं विचार.

जाझगुलची आजी,
बात्मा