मोराचं कुलूप

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सायंकाळी ७.
आज पुन्हा वडनेरला जावं लागलं. रक्षाचा हट्ट. मी स्वतःहून कशाला जाईन? हिंगणघाटहून बसनं अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात बायको इतकी खूश की जणू माहेरीच निघाली आहे.

चंद्रभान माझा शाळेपासूनचा मित्र. आता झेडपीचा मास्तर. शनिवारी शाळा सुटली की हा बाजारात नाहीतर भंगारवाल्यांकडे फिरतो, बिनचाबीची जुनी कुलपं पडेल भावात उचलतो आणि रविवारी ओसरीवर बसून कानशीनं त्यांच्या चाब्या घासतो. बस, हा त्याचा छंद. यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही. पण कुलूप उघडलं की ओसरीवरचे लोक टाळ्या वाजवतात आणि त्याची बायको शकुवहिनी गरम भजी आणतात. आज रक्षानंही टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रमोशनला नव्हत्या वाजवल्या.

भिंतीवर त्रेसष्ट कुलपं आहेत. मी मोजली नाहीत, सहज नजर गेली.

मागच्या आठवड्यात पेपरात त्याचा फोटो आला. 'वडनेरचे कुलूपवेडे गुरुजी'. फोटोत डावीकडे कप धरलेला एक हात आहे, तो माझा. खाली नाव नाही.

वडिलांचं कुलूप त्यानं आज परत काढून दाखवलं. त्याचे वडील कापसाच्या गोदामावर चौकीदार होते. दोन दारं, दोन सारखी कुलपं, पितळी, वर मोर कोरलेला. गोदाम बंद झालं तेव्हा मालकानं एक वडिलांना दिलं. दुसरं कुठं गेलं पत्ता नाही. चंद्रभान अकरा वर्षांपासून त्याची जोडी शोधतो आहे. म्हणाला, "महादेव, तुले कुठी दिसलं तर सांगजो बे." मी म्हटलं, सांगीन ना.

परतताना रक्षा म्हणाली, काही माणसांना रविवार कसा घालवायचा ते कळते. बोलली खिडकीकडे पाहून. पण बसमध्ये ओळखीचा मी एकटाच होतो.

ठराव : मीही एक छंद लावून घेणार. जळून नव्हे. तब्येतीसाठी.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
ऑफिसात (समुद्रपूर, रोजचं अप-डाऊन) कामातून वेळ काढून छंदांवर विचार केला. पक्षीनिरीक्षण : पहाटे उठावं लागतं. कराओके : शेजारी समजूतदार नाहीत. गच्चीवर भाजी : माकडं. शेवटी निष्पक्षपणे पाहता कुलपंच बरी वाटली. चंद्रभाननं काही पेटंट घेतलेलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
कानशीचा सेट घेतला. सहा नग. चंद्रभानकडे चारच आहेत.

यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले. एकदम सोपं आहे. लोक उगाच टाळ्या वाजवतात.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी १.
जेवण बाजूला ठेवून लिहितो आहे.

सकाळी तानबा भंगारवाल्याकडे गेलो. सहज. जुन्या पंख्यांच्या ढिगाखाली पितळ चमकलं. ओढून काढलं. कुलूप. उघडं, चाबी नाही. धोतराच्या सोग्यानं तानबानं पुसलं तर वर मोर. तोच. मान मागे वळवलेला.

चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आधी एका फुटक्या शेगडीचा भाव विचारला, मग मिक्सरच्या भांड्याचा, मग जाता जाता याचा. तानबा सातशे म्हणाला. मी निघून गेलो. परत आलो. पुन्हा निघून गेलो. साडेचारशेला सोडलं. इतका घासून भाव चंद्रभानलाही जमला नसता.

लगेच त्याला फोन लावणार होतो. खरंच. नंबर काढलाही. पण फेसबुकवर त्याचाच फोटो, हातात नवीन कुलूप, खाली सत्तावीस जणांचे अंगठे आणि त्यात रक्षाचा पहिला.

विचार केला, नुसतं देण्यात काय मजा? आधी चाबी करावी, मग चालू कुलूप त्याच्या हातात द्यावं. भर ओसरीवर. त्यात त्याचाच फायदा आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
कुलूप कपड्यांच्या मागे ठेवलं आहे. लपवलेलं नाही, ठेवलं आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर.
वडनेर. भजी मेथीची.

 चाबी घासता घासता चंद्रभाननं विचारलं, "तानबाकडे गेलता का इतक्यात?" मी म्हटलं, नाई बा, मले कुठी वेळ. तो म्हणाला, हं. आणि कानस चालवत राहिला. मग परत विचारलं, "मोराचं काही दिसलं नाई?" मी म्हटलं, असं कुठी सापडते का आता.

हे खोटं नाही. 'असं कुठं सापडतं का' हा प्रश्न आहे. प्रश्न खोटा नसतो.

भजी नीट उतरली नाहीत. तेल जुनं असावं.

शनिवार, २२ नोव्हेंबर.
पहिली चाबी : आत जाते, फिरत नाही. दुसरी चाबी : आत जात नाही. तिसरी : फिरते, पण कुलूपही सोबत फिरते. डाव्या अंगठ्याला पट्टी. रक्षानं विचारलं, काय करून राह्यले तुम्ही गच्चीवर? मी म्हटलं, व्यायाम.

रविवार, २३ नोव्हेंबर.
वडनेरला गेलो नाही. डोकं दुखते म्हटलं. रक्षा एकटी गेली आणि मेथीची भजी डब्यात घेऊन आली. चंद्रभान म्हणाला म्हणे, तो नाई आला तं मजा नाई आली. हे तो मुद्दाम बोलतो. मोठेपणा दाखवण्याची ही एक पद्धत असते.

शनिवार, २९ नोव्हेंबर. दुपारी ४.
नववी चाबी झाली! उघड्या कुलपात घातली, गोल फिरली. आता फक्त लागलेल्या कुलपावर टेस्ट घ्यायची राहिली. कुठं घ्यावी? घरात कडी-कोयंडा एकाच ठिकाणी आहे, रक्षाच्या आईचं सागवानी कपाट. रक्षा बाजारात गेली आहे. कुलूप लावलं. दाबलं की खट्कन लागतं. काय आवाज! पूर्वीची वस्तू ती पूर्वीची.

दुपारी ४.१०.
चाबी अर्धी माझ्या हातात आहे.

दुपारी ४.४०.
बाकीची अर्धी आत आहे. मशीनचं तेल सोडलं. सुई घातली. सुईही आत आहे.

सायंकाळी ६.
रक्षा आली. उद्या तिच्या भाचीचं साक्षगंध (साखरपुडा), वर्ध्याला, बारा वाजता. पैठणी कपाटात. दागिने कपाटात. भाचीला द्यायची साडी कपाटात. मी म्हटलं, प्रसंग साधेपणानं साजरा करण्यात वेगळीच शोभा असते. तिनं मला बसायला सांगितलं. मी बसलो. मग तिनं कुलपाकडे पाहिलं. मोराकडे पाहिलं. हे कधी आणलं, विचारलं. मी म्हटलं, आत्ताच. कधी? मी म्हटलं, नऊ तारखेला.

तिनं कडी दोनदा ओढून पाहिली. 

कडी तोडायची तर दार फुटेल, आणि दार तिच्या आईचं. तिनं फोन उचलला. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला लाव, चाबीवाला पाहतो मी. तिनं चंद्रभानलाच लावला.

रविवार, ३० नोव्हेंबर.
चंद्रभान सकाळी सातला मोटरसायकलवर आला. थंडीत. कानटोपी घालून. सोबत अवजारांचं डबडं.

कुलूप पाहून त्यानं कानटोपी काढली. मोरावरून अंगठा फिरवला, हळूच. मी माझी बाजू मांडायला सुरुवात केली. म्हटलं, चंद्रभान, मी कालच तुले फोन करणार होतो, कालच भेटलं हे मले.

तो कुलपाकडे पाहतच म्हणाला, "तानबानं मले दहा तारखेलेच सांगतलं. मी वाट पाहून राह्यलो होतो, तू कधी सांगतं म्हून."

मग म्हणाला, "सोळाले तं इचारलंही."

बॅटरी तोंडात धरून तो चाळीस मिनिटं बसला होता. आधी सुई काढली. मग तुटकी चाबी. मग घरून आणलेल्या चाबीला थोडी कानस लावून घातली. वडिलांच्या कुलपाची चाबी ती. थोडी घासली की बसते, हे त्याला माहीत होतं. मला नऊ चाब्या लागल्या. खट्. उघडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

चाबी त्यानं खिशात ठेवली आणि कुलूप टेबलावर. म्हणाला, "चांगलं हाय. तेल देत जाजो."

रक्षानं चहा घ्या म्हटलं. तो म्हणाला, शाळेची कामं आहेत, वहिनी. रविवारी? कधीच नसतात.

साक्षगंधाला वेळेत पोचलो. जेवण उत्तम होतं असं सगळे म्हणत होते.

सोमवार, १ डिसेंबर.
शांतपणे विचार केला. चूक कोणाची? तानबाची. व्यवहारात गुप्तता म्हणून काही असते. शिवाय मी नसतो तर ते कुलूप आज कोणाच्या तरी भट्टीत वितळलं असतं. या बाजूनं कोणी बघत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर.
रक्षा फक्त कामापुरतं बोलते. दूध संपलं. गॅस आला.

चंद्रभानच्या फेसबुकवर तीन दिवस काही नाही. चुकून चौदा वेळा पाहिलं.

सहावीत असताना गणिताच्या पेपराला माझा कंपास घरी राहिला होता. त्यानं स्वतःचा मला दिला आणि स्वतः हातानं गोल काढले. त्याला बावीस मार्क पडले, मला एक्केचाळीस. हे आजच का आठवलं माहीत नाही. या गोष्टीचा कुलपाशी संबंध नाही.

बुधवार, ३ डिसेंबर.
ठराव पक्का. कुलूप त्याला द्यायचं. रविवारी मी स्वतः जाणार. ओसरी भरलेली असताना. थोडं बोलेन, लांब नाही. मुद्दे काढले : (१) मैत्री, (२) अकरा वर्षांचा शोध, (३) मला ते कसं सापडलं, (४) भाव कसा उतरवला. चौथा मुद्दा कदाचित गाळीन. पितळ चिंच लावून घासावं, म्हणजे फोटोत चमकेल.

गुरुवार, ४ डिसेंबर.
चिंच भिजवली. कुलूप नाही.

रक्षाला विचारलं. ती म्हणाली, दिलं. काल तुम्ही ऑफिसात होते तेव्हा दुपारच्या बसनं गेली अन् देऊन आली. मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, हातात घेऊन घरात गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. शकुवहिनी म्हणाल्या, बसा, येतेत ते. मग चहा झाला. मी विचारलं, माझ्याविषयी काही? ती म्हणाली, मी म्हटलं, ह्यांनी पाठवलं. मी विचारलं, मग? ती म्हणाली, त्यांनी ऐकलं. विश्वास ठेवला असं नाई म्हणत मी.

अर्ध्या तासाचा प्रवास बायकोनं माझ्यासाठी केला. खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे. भाषण वाया गेलं.

रविवार, ७ डिसेंबर. सायंकाळी ६.
मी जाणारच नव्हतो. रक्षा चप्पल घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, येता का राहता? मी म्हटलं, तू म्हणतेस म्हणून.

ओसरीवर नेहमीचे पाचसहा लोक. भिंतीच्या मधोमध दोन मोर, शेजारी शेजारी, एकमेकांकडे मान वळवलेले. वेगवेगळे पाहिले तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ते एकमेकांकडे बघत आहेत. खाली पुठ्ठ्याचा तुकडा, चंद्रभानच्या मास्तरी अक्षरात : 'रक्षावहिनींकडून भेट'.

रक्षाला कुलूप आणि कोयंडा यांतला फरक कळत नाही! लोक तिला विचारत होते, कुठं सापडलं जी तुम्हाले? ती माझ्याकडे पाहायची आणि म्हणायची, घरातच होतं.

मी कोपऱ्यात बसलो. निघून जावं असा विचार होता, पण पुढची बस एकला. चंद्रभान दुसऱ्यांना कुलपं दाखवत होता. मग अचानक पेटीचं एक टिनाचं कुलूप माझ्याकडे फेकलं. सोबत कोरी चाबी, कानस. "कानस अशी नाई धरत बे. उगाच बोट कापून घेशीन. इकडे सरक."

मी सरकलो. त्यानं माझं मनगट धरून दोनदा चालवून दाखवलं. त्याच्या हाताला पितळेचा वास येतो. मी म्हटलं, चंद्रभान, ते नऊ तारखेचं... तो म्हणाला, "घास. बोलू नको. हात हालते."

अडीच तास घासलं. भजी आली, मी घेतली नाहीत. दोनदा बाद झालं, तिसऱ्यांदा चाबी आत गेली, फिरवली, आणि कुलूप उघडलं! मी उघडलं! ओसरीवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रक्षानंही. मी उभा राहिलो. मुद्दे लक्षात होते, फक्त क्रम बदलावा लागणार होता.

तेवढ्यात शकुवहिनी आतून आल्या, माझ्या हातातलं कुलूप पाहिलं आणि चंद्रभानला म्हणाल्या, "अजी, हे तं बिघडलेलं हाय न? चमच्यानंबी उघडते हे."

चंद्रभान हसला. तीस तारखेपासून पहिल्यांदा. मग रक्षा हसली. मग सगळेच.

मला ऐकू आलं नाही. मी चाबी परत घातली आणि आणखी एकदा उघडून दाखवलं.